इतकं नीटनेटकं काम नवखा करतो का?

१८ नोव्हेंबर २००७ रोजी इंग्रजी विकिपीडियावरच्या एका प्रचालिकेनं एक खातं बेमुदत बंद केलं. खात्याचं नाव म्हणजे नुसती दोन उद्गारचिन्हं होती: '!!'. बंदीचं कारण म्हणून तिनं जे लिहिलं त्याचा आशय असा, की हे मुरत घातलेलं बनावट खातं आहे. पुनर्निर्देशनं (एका नावावरून दुसऱ्या लेखाकडे नेणारी पानं), बारीकसारीक दुरुस्त्या आणि मुखपृष्ठावरच्या 'तुम्हाला माहीत आहे का' या सदरासाठी केलेलं थोडं काम, असा भराव घालून त्याचा इतिहास फुगवलेला आहे. ७५ मिनिटांनी तिनंच बंदी उठवली. अंदाज चुकल्याचं कबूल केलं, माफी मागितली.

प्रकरण तिथं मिटलं नाही. दहा दिवसांच्या आत तिनं प्रचालकाचे अधिकार सोडले, विषय लवाद समितीपुढे, म्हणजे सदस्यांमधल्या वादांचा निवाडा करणाऱ्या समितीपुढे गेला, आणि ४ डिसेंबरला 'द रजिस्टर' या ब्रिटिश वृत्तस्थळानं त्याची सविस्तर बातमी केली. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी लोकांना शांत व्हायला सांगितलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: चुकीची बंदी ७५ मिनिटं टिकली, ती उठवली गेली, माफी मागितली गेली; काय चुकलं याचा अभ्यास जरूर करा, पण एवढा गदारोळ कशाला?

मला हा गदारोळ योग्यच वाटतो. त्या ७५ मिनिटांत जे घडलं ते एका व्यक्तीच्या घाईपुरतं नव्हतं. अनोळखी माणसांनी मिळून काही उभं करायचं म्हटलं की एक प्रश्न कधी ना कधी दारात येतोच: परत आलेल्या माणसाला ओळखायचं कसं, आणि ओळखल्यावर त्याच्याशी वागायचं कसं?

आधी थोडी परिभाषा

मराठी विकिपीडियावर वावरणाऱ्यांना हे शब्द सवयीचे आहेत, इतरांसाठी सांगतो. प्रचालक म्हणजे लेख वगळण्याचा आणि खाती बंद करण्याचा अधिकार असलेला स्वयंसेवक. त्याला पगार नसतो. सदस्य चर्चा करून त्याला निवडतात. एकाच माणसानं फसवणुकीसाठी चालवलेल्या जास्तीच्या खात्याला सॉकपपेट म्हणतात, हातात मोजा घालून नाचवायची बाहुली. हद्दपार झालेला सदस्य नवं खातं काढून परत आला तर तेही सॉकपपेटच. मात्र एकाहून जास्त खाती असणं हा मुळात गुन्हा नाही. फसवणूक, दुहेरी मतदान किंवा शिक्षा चुकवणं यासाठी ती वापरणं हा गुन्हा आहे.

या शेवटच्या वाक्यावर सगळं प्रकरण उभं आहे. '!!' हे खातं खरोखरच जुन्या माणसाचं होतं. प्रचालिकेचा अंदाज तिथवर अचूक होता. तो माणूस आधी दुसऱ्या नावानं काम करत होता, त्याच्यावर कुठलीही शिक्षा नव्हती, आणि तो कोण आहे हे काही जाणत्या सदस्यांना ठाऊकही होतं. तिला दिसलं ते बरोबर दिसलं. त्याचा अर्थ तेवढा उलटा लावला गेला.

भीती कुठून आली

प्रचालिकेला खलनायिका ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. २००७ हे इंग्रजी विकिपीडियाचं भरभराटीचं वर्ष होतं आणि धास्तीचंही. सक्रिय संपादकांची संख्या त्याच वर्षी शिखरावर पोहोचली. हद्दपार झालेली काही मंडळी बाहेरच्या संकेतस्थळांवर जमून प्रचालकांची खरी नावं, घरचे तपशील खणून काढत होती. त्रास घरापर्यंत पोहोचत होता आणि त्याची झळ स्त्री-सदस्यांना विशेष बसत होती. त्यातच वर्षाच्या सुरुवातीला, प्राध्यापक म्हणून मान मिळवलेल्या एका प्रतिष्ठित सदस्याच्या पदव्या खोट्या असल्याचं उघड झालं होतं. आपल्यातला कोण खरा, ही शंका हवेतच होती. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. इथं तर रोज नवं दूध उतू जात होतं.

ही धास्ती निव्वळ मानसिक नव्हती. २०१३ मध्ये एका जनसंपर्क कंपनीशी निगडित अडीचशेहून अधिक खाती बंद करावी लागली. २०१५ मध्ये 'ऑरेंजमूडी' नावानं ओळखल्या जाणाऱ्या टोळीची ३८१ खाती एकदम बंद झाली. छोट्या व्यावसायिकांना 'पैसे द्या, तुमचा लेख टिकवतो' असं सांगून ही टोळी वसुली करत होती. २००९ मध्ये तर मतदानातून निवडून आलेला एक प्रचालकच पूर्वीचा हद्दपार सदस्य निघाला. म्हणजे चांगलं काम करून विश्वास कमवायचा आणि मग आतून घात करायचा, हे नुसतं स्वप्नरंजन नव्हे.

त्यामागचं अर्थकारण एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझनिक या संशोधकांनी २००१ मध्येच मांडलं होतं. जिथं नवं नाव फुकट मिळतं तिथं बदनाम झालेला माणूस नाव टाकून देतो आणि कोरा होऊन परत येतो. त्यामुळे समूहाला प्रत्येक नवख्याकडेच थोड्या संशयानं पाहावं लागतं; नवख्यानं काही काळ कमी विश्वासात काम करून जणू प्रवेशशुल्क भरायचं. हे अन्यायाचं आहे, पण नाव फुकट असेल तोवर त्याहून फारसा बरा मार्ग निघत नाही, असं त्यांचं गणित सांगतं.

'!!' नं तेच शुल्क भरलं होतं. विकिपीडियावर लेख उभे केले, इतरांनी नकोशी म्हणून टाकलेली कामं केली. आणि भरलेल्या शुल्काची पावतीच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढं आली.

पुरावा काय होता

बंदीआधी प्रचालिकेनं एक लांबलचक टिपण तयार केलं होतं. खात्याच्या सुरुवातीच्या संपादनांची त्यात एकेक करून चिकित्सा होती. मुद्दा थोडक्यात असा: हा सदस्य पहिल्या दिवसापासून सराईत आहे. नव्या माणसाला लागणाऱ्या ठेचा त्याला लागलेल्या नाहीत. संपादनाच्या सारांशात तो जुन्या लोकांचे संक्षेप वापरतो. साचे (पानावर आयता मजकूर बसवणारे तुकडे) कसे लावायचे, कुठल्या पानावर काय मागायचं, हे त्याला माहीत आहे. तो इतरांना मदत करतो, आणि ही मदत पत कमावण्यासाठी आहे.

यातली पहिली चार निरीक्षणं मला मान्य आहेत. सराईत हात लपत नाही. पोळ्या करणारीचा हात दुसऱ्या पोळीलाच कळतो, तसंच इथंही. धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, चाचपडत न बसता थेट संदर्भांसकट लेख लिहिणारा, योग्य वर्ग लावणारा, चर्चापानावर सही करायला न विसरणारा माणूस नवा नसतो हे मलाही दोन दिवसांत कळतं. एवढ्यावरून 'हा जुना असावा' असं म्हणणं ठीक आहे.

पाचव्या निरीक्षणाला मात्र पाय घसरला. मदत करतो म्हणून संशय. न मदत करता भांडला असता तरी संशयच आला असता. मग निर्दोष माणसानं नेमकं काय केलं असतं तर तो निर्दोष दिसला असता? कुठल्याही संशयाला मी आता हा प्रश्न विचारतो. त्याचं उत्तर 'काहीच नाही' असं येत असेल तर आपण तपास करत नाही, निकाल लावून मग कारणं गोळा करतो आहोत. संशयाचं भूत असंच जेवतं. समोर ठेवाल ते त्याला चालतं.

दुसरी चूक मोजमापाची आहे, आणि ती हुशार माणसंही करतात. समजा, वर्षभरात शंभर नवी खाती अशी दिसली की त्यांचा हात सराईत आहे. हा आकडा मी केवळ उदाहरणाला घेतला आहे. हे शंभर कोण असतील? कुणी वर्षानुवर्षं खातं न काढता, नुसत्या अंकपत्त्यावरून (आयपी ॲड्रेसवरून) लिहीत होता. कुणी दुसऱ्या भाषेच्या विकिपीडियावरून आला. कुणी परवलीचा शब्द विसरला आणि जुना ईमेलही बंद पडला. कुणाचं खरं नाव उघड झालं, कुणाच्या कार्यालयात चौकशी सुरू झाली, कुणाला एका माणसानं छळलं. कुणी पंधराव्या वर्षी पोरकट नावानं खातं काढलं होतं आणि आता त्याला ते नको आहे. आणि काही थोडे खरोखरच हद्दपार झालेले. 'सराईत' ही खूण या सगळ्यांना सारखीच लागू पडते. त्यांच्यातला चोर ती वेगळा काढून देत नाही. ऑरेंजमूडीची खाती पाहिली तर उलटंच दिसतं. त्यांनी थोडे अधिकार मिळेपर्यंत क्षुल्लक, यांत्रिक दहाएक संपादनं केली, दुवे जोडले, आणि मग लगेच विक्रीच्या लेखांवर उतरली. ज्याला घात करायचा आहे तो सहसा महिनोन्‌महिने घाम गाळत नाही, कारण शंभर खाती चालवणाऱ्याला तेवढा वेळच नसतो. अपवाद असतात, २००९ चा प्रचालक तसा अपवाद होता. पण अपवादावरून नेम धरला की चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

दाराआडची संमती

त्या काळी छळवणुकीला तोंड देण्यासाठी काही सदस्यांनी खाजगी ईमेल-याद्या चालवल्या होत्या. हेतू समजण्याजोगा होता. ज्याच्या घरचा पत्ता कुणी पसरवतो आहे त्यानं सार्वजनिक पानावर मदत मागायची कशी? प्रचालिकेचं टिपण अशाच बंद वर्तुळात फिरलं. बंदीनंतर तिनं सांगितलं की विश्वासातल्या जाणकारांना ते दाखवलं होतं आणि प्रतिसाद चांगला होता. पुढं लोकांनी खोदून विचारलं तेव्हा ही संमती पातळ होत गेली. ज्यांच्यापर्यंत ते पोहोचलं होतं त्यांतल्या काहींनी त्यावर होकार दिलेलाच नव्हता.

ईमेल-यादीवर काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. लांब पत्र येतं, आपण वरवर वाचतो, उत्तर देत नाही. लिहिणारा समजतो, कुणाची हरकत नाही. वाचणारा समजतो, बाकीचे पाहतीलच. मुळात त्या यादीवर जमलेले सगळे एकाच भीतीनं जमलेले. तिथं 'अहो, पण हा माणूस फक्त चांगलं काम करतोय ना?' असं विचारणारा असणार कुठून? टिपण सार्वजनिक पानावर आलं असतं तर पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी हा प्रश्न विचारला असता, आणि '!!' ला ओळखणाऱ्या कुणीतरी मागच्या दारानं निरोप धाडला असता. बंदीनंतर ७५ मिनिटांत नेमकं हेच झालं. आधी झालं असतं तर बंदीच आली नसती.

पुढं एका जुन्या, नावाजलेल्या लेखकानं ते टिपण विकिपीडियाच्या पानावर जसंच्या तसं टाकलं. खाजगी पत्र म्हणून ते ताबडतोब काढलं गेलं. त्यानं पुन्हा टाकलं. मग भांडण पत्रात काय आहे याऐवजी पत्र छापावं की नाही यावर सरकलं. दोन्ही बाजूंनी चांगली, कष्टाळू माणसं होती, आणि ती आठवडाभर एकमेकांवर तुटून पडली.

लवाद समितीनं डिसेंबरच्या सुरुवातीला निकाल दिला. प्रचालिकेला बंदी घालताना अधिक काळजी घ्यायची समज दिली. तिनं अधिकार वादग्रस्त परिस्थितीत सोडले असल्यामुळे ते परत हवे असतील तर नेहमीच्या मार्गानंच मिळवावे लागतील, असं ठरवलं. पत्र छापणाऱ्या लेखकालाही सदिच्छेची आठवण करून दिली. निकाल मला संयमी वाटतो.

पण '!!' नं करायचं काय?

माझं मन या प्रश्नाशी सर्वांत जास्त अडखळतं. बंदी आल्यावर त्या माणसापुढे कुठले मार्ग होते? आपण निर्दोष आहोत हे पटवायचं तर जुनं नाव सांगावं लागणार. जे टाकण्यासाठी नवं खातं काढलं तेच परत अंगावर घ्यावं लागणार. इतर कुठल्याही आरोपात माणूस आपल्या कामाकडे बोट दाखवू शकतो. इथं काम आधीच बाद केलेलं. उरतो तो एकच बचाव: बुरखा काढणं. आणि न काढला तर 'लपवतोय म्हणजे काहीतरी आहेच' हे ठरलेलं.

वेल्स म्हणाले, ७५ मिनिटं. पण विकिपीडियावर बंदीची नोंद सदस्याच्या दप्तरी कायमची राहते. बंदी उठवली तरी आधीची ओळ पुसत नाही, तिच्याखाली 'उठवली' अशी दुसरी ओळ येते. पुढं कधी कुठल्या वादात कुणी त्याचा इतिहास उघडला तर आधी आरोप वाचणार, मग सुटका. मी जेव्हा कुणाला 'थोड्या वेळासाठीच तर बंद केलं होतं' असं म्हणताना ऐकतो तेव्हा मला या दोन ओळी आठवतात.

आपल्याकडे नाव बदलून लिहिणं हे कधी संशयाचं कारण नव्हतं. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावानं लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून, विनोद बाळकराम म्हणून. तीन नावांमागचा हात एकच आहे हे वाचकाला कळलं तेव्हा त्यानं आनंदानं मान डोलावली. अर्थात गडकऱ्यांना कुणाला हद्दपार करायचं नव्हतं, आणि एका नावानं दुसऱ्या नावाला मत द्यायचं नव्हतं. सामूहिक कामात नावाला मत असतं, अधिकार असतात, म्हणून नियम लागतात हे मान्यच आहे. तरी नाव बदलणं आणि फसवणं यांतलं अंतर आपल्या भाषेनं पूर्वीच ओळखलेलं आहे, ते पडद्यावर आलो म्हणून विसरायला नको.

नंतर काय बदललं

सॉकपपेटच्या तक्रारींसाठी आज इंग्रजी विकिपीडियावर एक ठरलेली सार्वजनिक जागा आहे. तक्रार करणाऱ्यानं तिथं दोन खाती समोरासमोर ठेवून साम्य दाखवायचं असतं: हे संपादन आणि ते संपादन. 'हा फार हुशार दिसतो' हे पुरेसं धरत नाहीत. कुणाचं खातं, हे सांगावं लागतं. २००७ च्या टिपणातली सगळ्यात मोठी पोकळी माझ्या मते हीच होती. दुसरी बाजू भक्कम नव्हती. सराईत आहे, पण नेमका कोण? ज्याचं नाव घेता येत नाही अशा कुणासारखा तरी.

तांत्रिक तपासणीचं साधनही आहे. मोजक्या विश्वासू सदस्यांना एखाद्या खात्याचे अंकपत्ते आणि ब्राउझरचा तपशील पाहता येतो. ही माहिती साधारण ९० दिवसच ठेवली जाते, आणि उगाच गळ टाकून बसायला मनाई आहे. ज्या छोट्या विकिपीडियांवर असे तपासनीस नाहीत त्यांनी जागतिक पातळीवरच्या कारभाऱ्यांकडे विनंती करायची. हे साधन खाती एका ठिकाणाहून चालतात का एवढंच सांगतं. एकाच वसतिगृहातले दोघे, एकाच मोबाइल कंपनीचे ग्राहक त्यात सहज सारखे दिसू शकतात. माणसाचा हेतू ते सांगत नाही.

आकड्यांची गोष्ट मात्र सुखाची नाही. ॲरन हॅफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की २००७ नंतर इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक घटत गेले, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे चांगल्या हेतूनं आलेल्या नव्या लोकांचं काम अधिकाधिक प्रमाणात नाकारलं जाऊ लागलं. उत्पात रोखायला उभारलेल्या यंत्रणा चांगल्या माणसांनाही दारातूनच परत पाठवत होत्या. त्या अभ्यासाचा विषय नवखे होते, परतलेले नव्हेत. पण दारावरचा पहारेकरी तोच.

१ मे २००३ ला सुरू झालेला आपला मराठी विकिपीडिया लहान आहे. चावडीवर, म्हणजे सर्वांच्या चर्चेच्या पानावर, तीच ती मोजकी नावं भेटतात, एकमेकांची वाक्यरचना ओळखू येते. इथं परत आलेला माणूस लपणं जवळपास अशक्य, आणि त्याला ओळखणारा नेमका तोच असण्याची शक्यता दाट, ज्याच्याशी त्याचं पूर्वी बिनसलं होतं. मोठ्या विकिपीडियावर तिऱ्हाईत सापडतो. इथं तक्रार करणारा, तपासणारा आणि बंदी घालणारा यांची मिळून तीन डोकी होतीलच असंही नाही. म्हणून मला वाटतं, सराईत हात दिसला की पहिलं पाऊल चर्चापानावर साधा प्रश्न हे असावं: आपण पूर्वी इथं काम केलं आहे का, आणि पूर्वीच्या खात्यावर काही कारवाई होती का? जुनं नाव विचारू नये. 'कारवाई नव्हती' हे उत्तर पुढं खोटं निघालं तर पकडायला तेवढं पुरतं, आणि खरं असेल तर माणसाला बुरखा काढावा लागत नाही.

कोऱ्या पाटीनं सुरुवात करण्याचा नियम आज इंग्रजी विकिपीडियावर स्पष्ट लिहिलेला आहे. शिक्षा चालू नसलेल्या कुणालाही जुनं खातं सोडून नवं काढता येतं, कुणाला कळवायची सक्ती नाही. पण त्याला एक सल्ला जोडलेला आहे: जुन्या विषयांत, जुन्या वादांच्या ठिकाणी परत जाऊ नका, गेलात तर ओळखले जाल. समजा एखाद्यानं दहा वर्षं पक्ष्यांवर लिहिलं, त्या पानांवर त्याला कुणी छळलं, आणि तो शांतपणे परत येऊ पाहतो. त्यानं आता इतिहासावर लिहावं, रेल्वेवर लिहावं, कशावरही लिहावं. ज्यानं छळलं तो अजून पक्ष्यांच्याच पानांवर असतो.